जस्टिनच्या बोटाला चालेल असा

— न्हाई न्हाई शेठ, तो ठिवा बाजूला. रंगाचं काय घिऊन बसायचं, आन् गानी तर त्याला ऐकायचीच न्हाईत — म्हंजे ऐकतो, उशाशी रेडिओ हाय ना त्याच्या — पन ह्याच्यावर न्हाई ऐकायची. ह्याच्यावर त्याला प्रोग्राम लिव्हायचेत. प्रोग्रामिंग. सी मदी लिव्हतो तो, सी म्हंजे काम्पुटरची भाषा हाय म्हनं, तुमाला ठावंच असंल, मी काय सांगतोय तुमाला! मला त्यातलं काय म्हंजे कायबी कळत न्हाई. मी टेम्पोवाला मानूस, नागापूर एमआयडीसीतनं माल भरायचा आन् पुन्याला नेऊन टाकायचा. दानीएल भिंगारदिवे म्हना, केडगावात कुनालाबी इचारा. बाहेर निळा टेम्पो लावलाय तो माझाच — आडवा येतोय का? येत असंल तर काढतो. न्हाई ना? बरं. तर शेठ, तुमच्याकडं लॅपटॉप हायेत असं गहिनीनाथ सर म्हनले, अख्ख्या नगरात ह्यांच्याकडंच तीन-चार बघाया मिळतील म्हनले, म्हनून आलो. हितं मांडा सगळे. एकाशेजारी एक. भाव मागून सांगा, आत्ता न्हाई. भाव ऐकला की मानसाचं डोकं तिकडंच चालतं, आन् मला दुसरंच बघायचंय.

पोरालाच घिऊन या म्हनता? मलाबी तसंच वाटतं हो. त्यानं हितं बसावं, हे बघावं, ते बघावं, तुमच्याशी काम्पुटरच्या भाषेत बोलावं, मी आपला कोपऱ्यात उभा राहून ऐकावं. तुमच्या दुकानाच्या जिन्याचं काय न्हाई, तीन मजलं असतं तरी उचलून आनला असता, माझ्या अंगात ताकद लई हाय, देवानं चुकून सगळी मलाच दिली. पन आता बसवत न्हाई त्याला. पाठ अशी एका अंगाला वाकलीय, बसवलं की दम कोंडतो. उशा लावून, वाईच तिरका, असा निजून असतो. म्हनून तर लॅपटॉप, शेठ! घरात मोठा काम्पुटर हाय की, टीव्हीवानी, गहिनीनाथ सरांनी त्यांच्या क्लासातला जुना दिला — पन त्याच्यापुढं बसाया लागतं ना. आता बसायचंच जमत न्हाई म्हनल्यावर मानसापाशी येईल असा काम्पुटर पायजे. अंगावर भार नको, मी फळी केलीय, बाजेच्या दोन्ही कडांवर टेकती, तिच्यावर ठिवायचा. फळीचं झालंय. लॅपटॉपचंच राहिलंय.

काय झालंय इचारलं तुमी, व्हय ना? इचारा, लोक इचारायला बिचकत्यात. जस्टिन नाव त्याचं. एकुलता एक. लहानपनी त्याच्या पोटऱ्या बघितल्या असत्या ना तुमी — अशा भरलेल्या, घट्ट, पैलवानावानी! चार-पाच वरसाचं पोर, आन् पोटऱ्या ह्या अशा. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हनायचे, दानीएल, हे पोरगं कुस्तीला घाल. मला बी लई कौतिक. कुनी पाव्हना आला की मी त्याची चड्डी वर करून पोटऱ्या दाखवायचो, बगा म्हनायचो, बगा! फकस्त पडायचं लई. शाळंत जाताना पडायचं, अंगनात पडायचं, पोरांनी नुसतं शिवलं तरी पडायचं. आन् पडल्यावर उठायचं कसं — मांड्यांवर हात टेकवत टेकवत, आपल्याच अंगावर चढल्यागत. आमाला वाटायचं, नखरा हाय. मंग पुन्याला डाक्टरला दावला. डाक्टरनं पयल्यांदा काय दाबलं असंल तर त्या पोटऱ्या. दाबल्या, परत दाबल्या. मी आपला हसत उभा, मला वाटलं ह्यालाबी कौतिक वाटतंय. तर म्हनला, 'ही ताकद नाही, ही चरबी आहे. आतले स्नायू मरताहेत.' स्नायू मरताहेत! जित्या पोराचे! म्हनलं औषध? तर मान हलवली. म्हनलं आपरेशन? मान हलवली. म्हनलं मुंबईला नेऊ? म्हनला न्या, पण तिथंही हेच सांगतील. नेलं. त्यांनी बी तेच सांगितलं, फकस्त विंग्रजीत.

तर अशी गत. पयले पाय गेले. मंग मी खांद्यावर घिऊन शाळंत सोडायचो, टेम्पोत मागं नको म्हनायचा, पुढं पायजे, माझ्याशेजारी. दहावी केली त्यानं, शेठ. बाकावर बसून, हाताला आधाराला वही ठिवून. पुढं कालेज नगरात, तिथं कोन उचलायला बसलंय! म्हनून घरी. घरी म्हंजे भिंतीकडं बघत. दिसभर. त्याची आई मार्था, ती स्तोत्रं म्हनून दाखवायची, गोष्टी सांगायची, तर म्हनायचा, 'मम्मी, मला सगळ्या गोष्टी पाठ झाल्यात.' असं म्हनलं पोरानं की आईनं काय करावं? ती चुलीपाशी जाऊन बसायची. आन् तवाच हे गहिनीनाथ सर आले केडगावात, क्लास काढला काम्पुटरचा, रस्त्याकडंच्या गाळ्यात, पायरी बी न्हाई. मी म्हनलं बघू. नेला उचलून. सरांनी एक प्रोग्राम दावला, काय तरी दोन आकडे घालायचे आन् बेरीज यायची. झालं! घरी येईस्तवर पोरगं बडबडतंय, बडबडतंय, मला टेम्पो चालवू देईना! म्हनला, 'पप्पा, ह्याला पाय लागत नाहीत.' मी म्हनलं कशाला? म्हनला, 'प्रोग्रामला. नुसतं डोकं आणि बोटं.'

डोकं आन् बोटं. तवा बोटं हुती, शेठ, झकास हुती.

काय काय केलं त्यानं! आमच्या शेजारच्या गावात दूध सोसायटी हाय, तिथला सेक्रेटरी कानिफनाथ, मी त्यांचे क्यान न्यायचो कधी कधी. तितं रोज सकाळी कालवा — दूध किती, फॅट किती, भावाच्या तक्त्यात बोट ठिवून बघायचं, लिव्हायचं, रांग लागलेली, ह्याचं म्हननं माझं कमी लावलं, त्याचं म्हननं त्याचं जास्त लावलं. जस्टिननं टेम्पोत बसून ते एकदा बघितलं. मला म्हनला, 'ह्याचा प्रोग्राम होईल.' आन् केला! कानिफनाथ हसायचा पयले, म्हनायचा, दानीएल, तुझं पोरगं निजून निजून कविता करतंय. आता सोसायटीत काम्पुटर हाय, दूध मोजलं, आकडं घातलं, खर्र करून चिठ्ठी भाईर! भांडन न्हाई का तंटा न्हाई. म्हातारी मानसं चिठ्ठी खिशात घालून जात्यात, वाचता येत न्हाई, तरी घालून जात्यात. नाताळाला चेअरमन स्वतः आले घरी, हार घातला त्याला. बाजेवर हार! मार्था म्हनली, काढा तो हार, मला बघवत न्हाई निजलेल्याच्या गळ्यात. पन त्यानं काढू दिला न्हाई, सुकला तरी काढू दिला न्हाई.

पन ते अर्धंच झालंय बगा. गाईचं झालंय. म्हशीचं राहिलंय. म्हशीच्या फॅटचा हिशोब येगळा असतो ना — तर म्हशीवाले अजून तक्त्यावरच हायेत, ते कानिफनाथाच्या मागं लागलेत, की गाईवाल्यांना चिठ्ठी आन् आमाला न्हाई, आमी काय पाप केलं! कानिफनाथ येतो, दारात उभा राहतो, पोराच्या हातांकडं बघतो, चा पितो आन् जातो. त्याला दिसतंय ना. पोराचे हात आता वर येत न्हाईत. मोठ्या बोर्डावर मनगट नेऊन ठिवावं लागतं, एका ओळीतलं दुसऱ्या ओळीत जायचं तर मी हात उचलून न्यायचा. बोटं हलत्यात, बोटांत जीव हाय अजून — पन बटन खाली जात न्हाई. तो दाबतो, मी बघतो. कपाळाला घाम येतो त्याच्या. बटन जागचं हलत न्हाई.

व्हय, तेबी केलं! तोंडानं सांगायचं आन् दुसऱ्यानं टाइप करायचं, तुमीच पयले न्हाई सुचवनारे. दुसरा कोन? मीच. मार्थाला त्या पडद्याची भीती वाटती. मी बसलो. म्हनला, 'पप्पा, कंस.' म्हनलं कसला? म्हनला, 'तो नाही, मिशीवाला.' मिशीवाला कंस हुडकायला माझा अर्धा दिस गेला. मंग म्हनला, 'सेमिकोलन.' म्हनलं आता हे काय आनि! म्हनला, 'वर टिंब, खाली शेपूट.' हसलो आमी दोघं, लई हसलो त्या दिशी. पन रोज कसं हसनार? माझी बोटं ही अशी — बगा, स्टेरिंग धरून धरून — एक दाबाया जावं तर दोन दाबली जात्यात. एक शेपूट इसरलं की म्हनं सगळा प्रोग्राम अडतो. सापडता सापडत न्हाई. तो म्हनतो वर जा, मी खाली जातो. एक दिवस वरडला माझ्यावर. कधी वरडत न्हाई, शेठ, आवाज बी राहिला न्हाई वरडायला, पन वरडला — 'सोडा! सोडा तुम्ही! हे माझं आहे, मला माझ्या बोटानं करायचंय!' आन् मंग रडला. आन् त्याला डोळं पुसता येत न्हाईत ना — मी पुसाया गेलो तर तोंड फिरवलं, तेवढं मातर अजून फिरवता येतं.

त्यावर मी काय करावं? सांगा ना. तुमी शिकलेली मानसं. — न्हाई सांगू नका, असू द्या.

तर मंग लॅपटॉप. गहिनीनाथ सर म्हनले, लॅपटॉपचा बोर्ड बारका असतो, हात फिरवाया लागत न्हाई, आन् बटनं बी हलकी असत्यात, पन सगळ्यांची सारखी न्हाईत, बघून घ्या. आता बघून घ्या म्हंजे कसं बघू? माझ्या बोटाला सगळीच हलकी. तुमच्या बोटाला बी. त्यावर जस्टिननंच काढलं. — थांबा, दावतो. ही. आगपेटी हाय, व्हय, पन काड्या न्हाईत आत. लोखंडाचा चुरा हाय, कारखान्यात लेथखाली पडतो ना, तो. — न्हाई न्हाई, सांडत न्हाई, घाबरू नका तुमच्या मशिनीला काय व्हनार न्हाई, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलीय. आन् खाली हा खोडरबराचा तुकडा चिकटवलाय, म्हंजे एकाच बटनावर उभी राहील. काय केलं त्यानं, फुटपट्टी घेतली, तिच्याखाली मधोमध पेन्सिल, पोरं खेळत्यात ना वर-खाली, तसं. एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला त्याचं बोट. तो दाबनार, पेटी उचलली की मी अजून चिमटभर चुरा घालायचा. घालत गेलो, घालत गेलो. उचलायची बंद झाली तवा एक चिमूट काढली, आन् पेटी बंद केली. म्हनला, 'पप्पा, हे माझं बोट. हे खिशात घालून जा. ज्या बटनावर ठेवल्यावर बटन आपोआप खाली जाईल, तो आपला.'

तर वरच्या खिशात घालून आलो. हेच बघायचंय, दुसरं काय न्हाई.

हा पयला घ्या. तुमी धरता का जरा? नुसता तोल सांभाळायचा, दाबायचं न्हाई हां, अजिबात दाबायचं न्हाई. ... न्हाई गेलं. दुसऱ्या बटनावर बघू — न्हाई. हे लांबडं? ते बी न्हाई. ह्याला वरनं ठोकायला पायजे. ठिवा बाजूला. हा दुसरा. हा चांगला दिसतोय. वजनाचं काय न्हाई, फळी हाय. द्या पेटी हिकडं. ... गेलं! शेठ, गेलं! बघितलं का? ... थांबा. थांबा, आत्ता मी धरली हुती व्हय? मीच धरली हुती. मीच दाबलं असंल. तुमी धरा. ... न्हाई. न्हाई जात. मीच दाबलं. कळलं बी न्हाई बगा मला, हाताला आपलं वाटतं ना जावं, म्हनून गेलं. परत एकदा. ... न्हाई.

काय म्हनता? ह्याची बॅटरी टिकती, ते बी चांगलं, लाइट जाती आमच्याकडं. आन् तीन वरसांची गॅरंटी. कंपनी लिहून देती? हां. तीन वरसं चांगली हायेत हो. पन तीन वरसांची काय करायची मला, वरीसभराची असली तरी — म्हंजे — ते डाक्टर काय बी म्हनत्यात. डाक्टर लोकांचं काय खरं! त्यानं सांगितलं म्हंजे तसंच हुतं असं थोडंच हाय. मार्थाला मी सांगितलेलं न्हाई. तिला म्हनलं, डाक्टर म्हनला हाय तसं राहील. ती म्हनती, त्याला निवांत पडू द्या, कशाला त्या डब्याच्या मागं पळवताय पोराला. मी म्हनलं, मी न्हाई पळवत, तोच पळतोय, मी आपला मागं मागं चाललोय. — कुठं बोलू नका हां हे. मार्था बाजारात येती हिकडं.

दुसरा हाय का? हायेत म्हनले हुते ना सर, तीन-चार? न्हाई, असं नका म्हनू. बगा की. त्या काचेच्या कपाटात काय हाय, ते काळं, बारकं, पाटीएवढं? कुनाचं? परदेशातनं आनलेलं, त्या मानसानं इकायला ठिवलंय. गॅरंटी न्हाई. बरं न्हाई तर न्हाई. काढा ना. काढा, बघायला काय जातंय. — लई हलकं हाय हो! लहान पोराच्या पाटीवानी. चालू हुतं ना? हुतं. सी चालंल ना त्याच्यात? चालंल म्हनता. मंग धरा पेटी. थांबा, मी हात मागं बांधतो. मी शिवतच न्हाई. धरा तुमी.

... गेलं.

तुमी दाबलं का? खरं सांगा शेठ, शपथ घ्या, दाबलं न्हाई ना? परत ठिवा. गेलं. ते कोपऱ्यातलं — गेलं. ते शेपटीवालं कुठंय, वर टिंब, खाली शेपूट, ते मेन हाय, ते दर ओळीला लागतं — हे — गेलं! देवबापा! शेठ, गेलं! नुसती ठिवली आन् गेलं! आन् ह्या पेटीत आज सकाळी अजून चुरा कमी केलाय हां. निघताना म्हनला, 'पप्पा, परत एकदा मोजू.' मोजलं तर उचलंना. नाताळात भरली हुती ती, तेवढी न्हाई उचलली. मी म्हनलं, आत्ताच उठलायस, हात गार हायेत, दुपारी मोजू. म्हनला, 'काढा.' काढला. दोनदा काढला. चिकटपट्टी परत मारली. — जाऊ द्या ते. गेलं ना! हाच. हाच आपला.

बांधा हा. — थांबा, इसरतच हुतो. फ्लॉपीची खाच कुठंय ह्याची? ती चपटी असती ना, ती घालायची खाच. ह्या दोघांना हाय, ही बगा, बाजूला. ह्याला न्हाई? कुठंच न्हाई? उलटा करून बगा. येगळा डबा येतो म्हनता, आन् तो ह्या मानसाकडं न्हाई. मुंबईला बी मिळायचा न्हाई? परदेशातच. हां. वायर लावून दुसऱ्या काम्पुटरात घालता येतं? येत असंल. पन ती वायर मला न्हाई जमायची, शेठ. मला फ्लॉपीच येती. तेवढीच येती. जस्टिननं शिकवलीय. ह्याच म्हैन्यात. अशी धरायची, कागद वरच्या अंगाला, खाचेत सारायची, खट् वाजलं पायजे. मंग चार अक्षरं दाबायची, मंग प्रोग्रामाचं नाव, मंग दिवा लागतो, दिवा विझस्तवर हात लावायचा न्हाई. मंग काढायची, कानिफनाथाच्या हातात द्यायची. मी म्हनलं, मला कशाला शिकवतोस बाबा, तू हाईस की! हसला नुसता. म्हनला, 'करा परत.' केलं. 'अजून एकदा.' केलं. रोज करून घेतोय. मी जेवाया बसलो तरी इचारतो, 'पप्पा, दिवा विझायच्या आधी काढली तर काय होईल?' मी म्हनतो, सगळं पुसलं जाईल. म्हनतो, 'शाब्बास.' मला वाटलं, पोराचा खेळ हाय. बाप शिकला न्हाई, बापाची शाळा घेतोय. मला बी बरं वाटायचं. सकाळी निघताना बी तेच — म्हनला, 'बटन बघा, आणि खाच असलीच पाहिजे, पप्पा. नंतर तुम्हाला काढून घेता आलं पाहिजे.'

नंतर म्हनला.

मी इचारलं न्हाई. कशाच्या नंतर ते. मला वाटलं, प्रोग्राम पुरा झाल्यानंतर. तसंच असंल ना? म्हशीचं झालं की — तसंच म्हनला असंल. पन मंग झाल्यावर तो स्वतः सांगंल ना, गहिनीनाथ सरांना बोलवंल, सर वायर लावतील. त्याला ठावं असनारच वायरीचं. सगळं ठावं असतं त्याला. मंग मला कशाला ... रोज ...

त्याला कुनी सांगितलं, शेठ? मी न्हाई सांगितलं. मार्थालाच ठावं न्हाई.

...

नको, पानी नको. बसतो जरा. ह्या स्टुलावर बसलं तर चालंल ना.

...

हा दुसरा, खाचवाला — ह्याच्यावर परत एकदा ठिवून बघू का? ... न्हाई, ऱ्हाऊ द्या. न्हाई जात ते. किती येळा ठिवनार. फोन? कुनाला? शेजारी हाय फोन, ते निरोप देतील, पन इचारू काय? मला ठावं हाय तो काय सांगंल. तो म्हनंल खाचवाला घ्या. तो म्हनंल, माझं मी कसंबी करीन. कपाळाला घाम येईस्तवर दाबत बसंल, बटन जायचं न्हाई, आन् मी बघत बसायचं. कशासाठी, तर मला नंतर खट् करून काढता यावं म्हनून!

हा बारका द्या. खाच नको.

व्हय, ठरलं. काळा. त्याला सांगीन, मिळाला न्हाई दुसरा. चिडंल. चिडू दे. बटन खाली गेलं की इसरंल — पोरच हाय अजून. म्हशीचं करंल, म्हशीवाल्यांना चिठ्ठी मिळंल, पुढं बघू. पुढचं मला बघायचंच न्हाई, मी आपला सरांना म्हनीन, मला वायरीचं शिकवा. लागंल तवा.

तुमी काय बोलू नका, शेठ. बरा व्हईल असं तर म्हनूच नका, लोक म्हनत्यात, मंग मला मान हलवावी लागती. आन् भाव सांगताना माझ्याकडं असं बघू नका, काय असंल तो सांगा, कमी करू नका. खोकं नको, कापडात गुंडाळा, पुढच्या सीटवर ठिवून नेतो. अजून काय राहिलंय? सही? कुठं करू? — झालं? द्या मंग, लवकर द्या. पोराला कुशीवर वळवायची येळ झालीय, आन् एकटीच्यानं वळत न्हाई तो मार्थाच्यानं.